कबरीला राखणदार हवा

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून निघालेली गाडी साधारण पाऊण तासात ब्रुकवुड नावाच्या छोट्या स्टेशनावर थांबते. दक्षिणेच्या बाजूने बाहेर पडलं की गाव लागत नाही, थेट दफनभूमीच लागते. सुमारे २२० एकर जमीन, आणि तिच्या पोटात २ लाख ३५ हजारांवर माणसं. १८५४ साली ती सुरू झाली तेव्हा जगात एवढी मोठी दफनभूमी दुसरी नव्हती. रेताड माळावर तेव्हा लावलेली वेलिंग्टोनियाची रोपटी आज इतकी उंच झाली आहेत की शेंडा बघायला मान पार मागे टाकावी लागते.

मी गेलो होतो जमशेटजी टाटांची कबर बघायला. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे जमशेटजी गेले, आणि त्यांचा देह इथे आणला गेला. विलायतेत दखमा, म्हणजे पारशी लोक प्रेत उघड्यावर ठेवतात तो मनोरा, नाही, म्हणून तिथल्या पारशांनी १८६२ सालीच ब्रुकवुडमध्ये आपल्या आरामगाहसाठी, म्हणजे दफनाच्या जागेसाठी, जमीन घेऊन ठेवली होती. जमशेटजींच्या जवळच त्यांचे दोन्ही मुलगे आहेत. धाकटे रतन १९१८ साली कॉर्नवॉलमध्ये वारले. थोरल्या दोराबजींची गोष्ट तर तिथे उभं राहून आठवली की गलबलून येतं. त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ च्या जूनमध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि इथेच त्यांना पुरलं. वर्षश्राद्धाला त्यांच्या कबरीपाशी पोचावं म्हणून दोराबजी हिंदुस्थानातून निघाले आणि वाटेत, जर्मनीतच, ३ जून १९३२ रोजी त्यांचं निधन झालं. ते पोचले, पण देहरूपाने. दगडी समाधिगृहं, नीट राखलेल्या वाटा, वाचता येणारी अक्षरं. शंभरी उलटली तरी तिथे पडझडीची कळा नाही.

त्याच आवारात शापुरजी सकलातवालांच्या अस्थी आहेत. जमशेटजींचे ते सख्खे भाचे, मुंबईत जन्मलेले. लंडनच्या बॅटरसीतून ते कम्युनिस्ट म्हणून ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले. मामाने गिरण्या उभारल्या, पोलादाचं स्वप्न पाहिलं. भाचा जन्मभर गिरणी कामगाराच्या बाजूने बोलला. १९३६ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी आई-वडिलांच्या आणि मामाच्या शेजारीच ठेवल्या गेल्या.

पारशांच्या आवारातून बाहेर पडून दहा मिनिटं चाललो आणि चित्र बदललं. झुडपांत कलंडलेले क्रूस, मुळांनी उचललेल्या शिळा, आयव्हीच्या वेलीत बुडालेली एक देवदूताची मूर्ती. एका संगमरवरी शिळेपाशी वाकून बघितलं. तिच्यावरची अक्षरं शिशाची होती. दगडात बारीक भोकं पाडून त्यांत शिसं ठोकून अशी अक्षरं बसवत. शिसं गळून पडलेलं, भोकं तेवढी उरलेली. त्यांवरून बोट फिरवत फिरवत मी एक नाव लावायचा प्रयत्न केला. तीन अक्षरं लागली, चौथं लागेना. या कुटुंबानेही कधीतरी पैसे मोजले असतील. ‘कायमची’ म्हणून जागा घेतली असेल. पारशांच्या आवारात नाव वाचता येतं आणि इथे येत नाही, याचं कारण दगडात नाही. तिथे मागे राखणारं कुणीतरी आहे आणि इथे कुणी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. कबर विकून पैसा एकदाच मिळतो, राखण मात्र दरवर्षी करावी लागते. हे व्यस्त गणित नुसतं नफ्यावर चालणाऱ्या कंपनीच्या हवाली केलं, तर जमीन संपत आली की राखणही संपणार. म्हणून प्रत्येक दफनभूमीला कायद्याने नेमलेला राखणदार हवा, आणि त्याच्या हाताशी कुणालाही मोडता येणार नाही असा राखीव निधी हवा. ब्रुकवुडच्या १७० वर्षांच्या इतिहासात या म्हणण्याचा पुरावा पानोपानी सापडतो.

सुरुवात एका खऱ्याखुऱ्या संकटातून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनमधली चर्चची आवारं प्रेतांनी ओसंडून वाहत होती. नवं प्रेत पुरायला जुनं उकरावं लागे. १८४९ च्या पटकीत एकट्या लंडनमध्ये १४ हजारांवर माणसं दगावली. शहराबाहेर, कितीही वर्षं पुरेल एवढी मोठी जागा हवी, आणि आगगाडी आली आहे तर तिचा उपयोग करावा, असा विचार पुढे आला. १८५२ साली पार्लमेंटने खास कायदा करून लंडन नेक्रॉपॉलिस कंपनीला परवानगी दिली. कंपनीने ब्रुकवुडशेजारच्या वोकिंगच्या सार्वजनिक माळाची २ हजारांहून अधिक एकर जमीन घेतली आणि त्यातली सुमारे ५०० एकर दफनासाठी आखली. ७ नोव्हेंबर १८५४ रोजी विंचेस्टरच्या बिशपांनी भूमी पवित्र केली आणि १३ तारखेला पहिली प्रेतगाडी आली.

हो, प्रेतगाडीच. वॉटर्लूजवळ कंपनीचं स्वतंत्र स्थानक होतं. तिथून शोकाकुल मंडळी आणि शवपेट्या घेऊन गाडी निघायची आणि दफनभूमीच्या आतपर्यंत यायची. आत दोन स्थानकं होती: उत्तरेचं इतर पंथीयांचं आणि दक्षिणेचं अँग्लिकनांचं, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या अनुयायांचं. माणसांना तीन वर्ग, प्रेतांनाही तीन वर्ग. परतीचं भाडं पहिल्या वर्गाला ६ शिलिंग, दुसऱ्याला साडेतीन, तिसऱ्याला २. शवपेटीला अर्थातच एकेरी तिकीट: १ पौंड, ५ शिलिंग किंवा अडीच शिलिंग. हे दर कायद्यानेच बांधून दिले होते आणि ते जवळजवळ अखेरपर्यंत बदलले नाहीत. नेहमीच्या गाडीपेक्षा हे भाडं स्वस्त पडू लागलं, तेव्हा त्या भागात गोल्फ खेळायला जाणारे लोक काळे कपडे घालून याच गाडीने जाऊ लागले.

ही भाड्याची हकीकत मी मुद्दाम सांगतो आहे. तिसऱ्या वर्गाच्या शवपेटीचे अडीच शिलिंग ठरवायला पार्लमेंटला वेळ होता. गरिबाला लुबाडलं जाऊ नये ही काळजी त्यामागे होती, आणि ती रास्तच होती. पण ज्या बारकाईने एका दिवसाचं भाडं बांधलं, त्याच बारकाईने पुढच्या शंभर वर्षांच्या राखणीचा पैसा बांधला असता, तर आज त्या शिळेवरचं चौथं अक्षर मला लागलं असतं.

कंपनीचे हिशेब पहिल्यापासूनच चुकले. वर्षाला हजारोंनी, पुढे ५० हजारांपर्यंत दफनं होतील या भरवशावर सगळा डोलारा उभा होता. प्रत्यक्षात १९४१ पर्यंतची सरासरी धरली तर ती वर्षाकाठी २,३०० च्या आसपासच भरते. मग कंपनीने जमीन विकायला काढली. मेलेल्यांसाठी म्हणून स्वस्तात घेतलेल्या माळावर तुरुंग आला, मनोरुग्णालय आलं, घरं आली. आजच्या वोकिंग शहराचा मोठा भाग या विकलेल्या जमिनीवर उभा आहे. गावकऱ्यांचा गुरं चारायचा माळ सार्वजनिक गरजेच्या नावाखाली गेला आणि त्यातला बराच भाग बांधकामाच्या धंद्यात उतरला. हे करणारे लोक दुष्ट होते असं मला म्हणायचं नाही. भागधारकांना लाभांश द्यायचा तर दुसरा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे.

१६ एप्रिल १९४१ च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात लंडनमधलं ते स्थानक उद्ध्वस्त झालं. गाडी पुन्हा सुरू झाली नाही. रूळ उखडले गेले. त्यांची सरळ, सपाट वाट आजही झाडीतून चालत जाता येते. तोवर इथे २ लाखांहून अधिक दफनं झाली होती. युद्धानंतर कंपनीचं खरं धन दफनभूमी नसून तिच्याकडची उरलेली जमीन आहे, हे मालमत्तेच्या व्यवहारात मुरलेल्यांच्या लक्षात आलं. १९५० च्या दशकात ताबा घेण्याच्या लढाया झाल्या, कंपनी हातोहात फिरली, विकण्याजोगं ते विकलं गेलं. दफनभूमी मात्र कुणालाच नको होती. तिच्यातून येणारं उत्पन्न आटलं होतं आणि खर्च काही आटत नव्हता. १९८५ साली रमदान गुनेय नावाच्या तुर्की सायप्रियट गृहस्थांनी ती विकत घेतली. मुसलमान समाजाला दफनासाठी जागा मिळावी ही त्यांची तळमळ होती, आणि त्यांच्यामुळे मोडकळीला आलेल्या त्या जागेत पुन्हा जीव आला. पण एका माणसाच्या तळमळीवर, एका घराण्याच्या मर्जीवर अडीच लाख मृतांची सोय कायमची अवलंबून ठेवता येत नाही.

हे फक्त ब्रुकवुडचंच झालं असंही नाही. लंडनभोवती एकोणिसाव्या शतकात ज्या मोठ्या खासगी दफनभूमी निघाल्या, त्यांपैकी नन्हेड १९७५ साली लंडनमधल्याच सदर्क भागाच्या नगरपालिकेला १ पौंडात घ्यावी लागली. कार्ल मार्क्सची कबर जिथे आहे त्या हायगेटचे दरवाजे कंपनीने त्याच सुमाराला बंद केले होते. शेजारच्या लोकांनी मंडळ काढून ती जागा हाती घेतली म्हणून वाचली. दफनभूमी १ पौंडात विकायची वेळ येते, कारण ती घेणाऱ्याला जमिनीबरोबर जबाबदारीही मिळते, आणि या जबाबदारीसाठी आधीच्या मालकाने मागे काहीच ठेवलेलं नसतं.

आता याच ब्रुकवुडच्या कुंपणात नीट राखलेलं काय आहे ते बघा. १९१७ साली इथे सैनिकी दफनभूमी सुरू झाली. ३७ एकरांवर दोन महायुद्धांतली ५ हजारांवर थडगी आहेत, आणि ब्रिटनमधली राष्ट्रकुलाची एवढी मोठी सैनिकी दफनभूमी दुसरी नाही. गवत कापलेलं, शिळा एकाच मापाच्या, सेनापती असो की शिपाई. ती राखतो राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग, १९१७ सालीच स्थापन झालेला. सहा देश आपापल्या सैनिकांच्या संख्येच्या प्रमाणात त्याचा खर्च उचलतात, आणि भारत त्यांपैकी एक आहे. आपला वाटा सुमारे १ टक्का. शेजारी अमेरिकन सैनिकांचं आवार आहे. पहिल्या महायुद्धातल्या ४६८ थडग्यांची राखण अमेरिकन सरकारचा आयोग करतो. तिथली हिरवळ बघताना मला वाटून गेलं की मरणानंतरचं भाग्य म्हणतात ते हेच असावं: आपल्या नावामागे एखादी संस्था उभी असणं.

पण या संस्थेलाही सगळे मृत सारखे नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. आशियातल्या आणि आफ्रिकेतल्या सैनिकांच्या वाट्याला अनेक ठिकाणी तशी शिळा आली नाही, नावही आलं नाही, हे आयोगाच्याच समितीने २०२१ साली कबूल केलं आणि आयोगाने माफी मागितली. वोकिंगजवळ हॉर्सेलच्या माळावर पहिल्या महायुद्धात जखमी होऊन इंग्लंडात वारलेल्या भारतीय मुसलमान सैनिकांसाठी वेगळं दफनस्थळ बांधलं होतं, घुमटाच्या प्रवेशद्वाराचं. दोन्ही युद्धांतले २७ सैनिक तिथे होते. पुढे तिथे नासधूस होऊ लागली, म्हणून १९६८ साली त्यांना ब्रुकवुडच्या सैनिकी आवारात हलवलं. रिकामी जागा कित्येक वर्षं पडून होती. २०१५ मध्ये तिची बाग झाली आणि त्या २७ जणांसाठी हिमालयातल्या भूर्जाची २७ झाडं लावली गेली. त्यांच्या मागे आयोग होता, नोंदी होत्या, म्हणून ते हलवता आले आणि मोजताही आले.

इथल्या मुसलमानांच्या आवाराचा इतिहास तर आपल्याला फारच जवळचा आहे. वोकिंगची शाहजहान मशीद १८८९ साली भोपाळच्या बेगमेच्या देणगीतून उभी राहिली. ती उभारणारे प्राच्यविद्यापंडित डॉ. लाइटनर ब्रुकवुडमध्येच आहेत. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि पुढे प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयावर, गेलेले पहिले भारतीय सय्यद अमीर अली इथेच आहेत. मार्माड्यूक पिक्थॉल यांनी १९२० नंतर काही वर्षं मुंबईत ‘बाँबे क्रॉनिकल’ हे दैनिक चालवलं आणि पुढे हैदराबादेत राहून कुराणाचा इंग्रजी अनुवाद केला. १९३६ साली त्यांना इथे पुरलं. आणि दुसरे अनुवादक अब्दुल्ला युसुफ अली, आयसीएस अधिकारी. त्यांचा शेवट फार एकाकी झाला. १९५३ च्या डिसेंबरात, लंडनच्या कडाक्याच्या थंडीत, वेस्टमिन्स्टरमधल्या एका दाराच्या पायरीवर ते पोलिसांना भ्रमिष्ट अवस्थेत सापडले. दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात गेले. ज्यांचा अनुवाद घरोघरी वाचला जातो, त्या माणसाच्या प्रेताला घरचं कुणी आलं नाही. पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयाने दफनाची व्यवस्था केली, ब्रुकवुडमध्ये, पिक्थॉल यांच्यापासून जवळच. घर नसलं तरी समाज होता, म्हणून कबर आहे आणि तिच्यावर नाव आहे.

उलट उदाहरण चार्ल्स ब्रॅडलॉंचं. हा उघड नास्तिक माणूस. देवाच्या नावाने शपथ घेण्याच्या वादापायी सहा वर्षं पार्लमेंटात बसू दिला नव्हता. हिंदुस्थानच्या बाजूने तो इतकं बोलायचा की लोक त्याला ‘हिंदुस्थानचा सभासद’ म्हणत. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला ते आले होते. १८९१ च्या जानेवारीत ते वारले आणि ब्रुकवुडला त्यांच्या दफनाला हजारो लोक जमले. त्या गर्दीत एकवीस वर्षांचा एक कायद्याचा विद्यार्थी होता, मोहनदास गांधी. लंडनमधला बहुधा प्रत्येक हिंदी माणूस तिथे गेला असावा, असं गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे. परतताना स्टेशनावर एका नास्तिकाने एका पाद्र्याशी घातलेला वादही त्यांच्या लक्षात राहिला होता. एवढा मोठा माणूस, पण त्याच्या नावाने नेमाने येणारा पंथ नव्हता की मठ नव्हता. त्यांच्या थडग्यावरचा अर्धपुतळा पुढे चोरीला गेला.

नामवंत कबरींच्या या यादीत रमणं सोपं आहे, आणि दफनभूमीवर लिहिणारे बहुतेक सगळे तिथेच थांबतात. माझ्या मते खरी परीक्षा दुसरीकडे होते. १३ नोव्हेंबर १८५४ रोजी इथे पहिल्यांदा पुरली गेली ती सदर्कच्या एका गरीब जोडप्याची मृत जन्मलेली जुळी बाळं. त्या दिवसाची सगळीच दफनं गोरगरिबांची होती आणि एकावरही शिळा आली नाही. पहिली कायमची शिळा आली ती २६ व्या माणसाला, लेफ्टनंट जनरल सर हेन्री गोल्डफिंच यांना. पुढे पहिली कित्येक दशकं इथे आलेल्यांत बहुसंख्य हेच लोक होते, ज्यांच्या दफनाचा खर्च पॅरिशने, म्हणजे त्यांच्या वस्तीच्या स्थानिक प्रशासनाने, केला. कंपनीच्या बाजूने एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी: लंडनमध्ये गरिबाला सामायिक खड्ड्यात लोटत असताना ब्रुकवुडने प्रत्येकाला स्वतंत्र जागा दिली. वर दगड नसेल, पण खाली माणूस एकटा होता. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. दुसऱ्या वर्गाचा नियम मात्र बघा. जागा घेतली आणि वर शिळा उभारली नाही, तर ती जागा पुन्हा वापरायचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवला होता. दगड परवडतो त्याची कबर पक्की, परवडत नाही त्याची कच्ची.

आपल्यापैकी पुष्कळ जण इथे म्हणतील की हा सगळा उपद्व्यापच कशाला, देह अग्नीला द्यावा आणि मोकळं व्हावं. मी स्वतः त्याच रीतीत वाढलो आहे. योगायोग असा की इंग्लंडमधलं पहिलं दहनगृहही याच कंपनीच्या जमिनीवर आलं. १८७८ साली दहनवाद्यांनी तिच्याकडून एक एकर घेतली, वर्षभरात भट्टी उभी राहिली, आणि गावकऱ्यांच्या विरोधामुळे पहिलं मानवी दहन व्हायला १८८५ उजाडलं. दहा वर्षांनी तिथेच मार्क्सचा सहकारी एंगल्सच्या देहाला अग्नी दिला गेला आणि त्याची राख समुद्रात सोडली गेली. आज ब्रिटनमध्ये बहुतेक लोक दहनच निवडतात. पण ज्यांच्या धर्मात दफनच आहे, त्यांना आपली रीत सांगून चालणार नाही. आणि जी अडीच लाख माणसं आधीच जमिनीत आहेत, त्यांच्याविषयीचं देणं दहनाने फिटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जिवंत माणसांना घरं नाहीत, तिथे मेलेल्यांनी एवढी जमीन कायमची का अडवावी? जुन्या कबरींचा पुनर्वापर करायला माझी हरकत नाही. लंडनमध्ये २००७ च्या कायद्याने ७५ वर्षांहून जुन्या कबरीतले अवशेष आणखी खोल पुरून वर नवी जागा करता येते. हायगेटलाही २०२२ साली खास कायद्याने तशी मुभा मिळाली. नीट नोटीस दिली, वारसाला नाही म्हणायचा हक्क ठेवला, जुनं नाव नोंदीत राखलं, तर यात अपमान काही नाही. उलट नवी दफनं होत राहिली तर माणसं येत राहतात, आणि माणसांचा राबता असलेली दफनभूमी सहसा ओस पडत नाही. ब्रुकवुडलाच जिथे आजही दफनं होतात ती आवारं बघा. जुन्या दक्षिण स्थानकापाशी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाच्या मठवाशांनी पडीक प्रार्थनागृह घेऊन तिथे वस्ती केली, तर तो कोपरा सावरला. माझी अट एकच आहे: पुनर्वापरातून येणारा पैसा त्या जमिनीच्याच राखणीला लागला पाहिजे. तो दुसऱ्या खड्ड्यात गेला तर दीडशे वर्षांपूर्वीचाच खेळ पुन्हा मांडला जाईल.

दुसरा खड्डा म्हणजे काय, तेही ब्रुकवुडनेच दाखवलं. २०१४ च्या अखेरीस वोकिंगच्या नगरपालिकेने ही दफनभूमी विकत घेतली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला: आता ती सार्वजनिक झाली. वाटा दुरुस्त झाल्या, झाडी आवरली गेली. मग जून २०२३ मध्ये हीच नगरपालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असल्याची नोटीस निघाली. तूट १२० कोटी पौंडांची आणि त्या वर्षी मूळ कामांसाठी हाताशी असलेला निधी १ कोटी ६० लाखांचा. उंच इमारती आणि गुंतवणुकीच्या योजनांपायी कर्जाचा डोंगर झाला होता. दफनभूमीने ते कर्ज केलं नव्हतं. पण पालिकेच्या इतर मालमत्तांसारखीच तीही त्या ताळेबंदातली एक ओळ होऊन बसली. म्हणून नुसतं ‘सरकारी करा’ म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. मालकी सरकारी असो की खासगी, दफनभूमीचा पैसा मालकाच्या इतर पैशांत मिसळता कामा नये.

हे करता येतं. कॅनडाच्या आँटारिओ प्रांतात जमिनीतली कबर विकताना तिच्या किमतीचा किमान ४० टक्के भाग राखीव निधीत टाकावा लागतो. मूळ रक्कम तशीच राहते, तिच्या उत्पन्नातून राखण होते. दफनभूमी भरली, मालक बुडाला, तरी गवत कापायला पैसा असतो. इंग्लंडमध्ये खासगी दफनभूमींवर असं सरसकट बंधन नाही. तिथल्या कायदा आयोगाने २०२४ मध्ये दफन-दहनाच्या कायद्यांवर मतं मागवली. पुनर्वापराचा विस्तार आणि सर्व दफनभूमी नीट राखण्याची समान जबाबदारी हे दोन्ही विषय त्यात आहेत. जबाबदारी कागदावर लिहिली जाईल, हे मला चांगलंच वाटतं. पण पैशाचं कलम त्यात बसवलं नाही तर ती जबाबदारी दिवाळखोर पालिकेवर आणि बंद पडलेल्या कंपनीवर लादून उपयोग काय? आणि निधीचा कारभार बघणाऱ्या विश्वस्तांत ज्यांचे मृत तिथे आहेत ते बसले पाहिजेत: पारशी, मुसलमान, मठवाशी, स्थानिक रहिवासी, आणि ज्यांचं कुणी नाही त्यांच्या वतीने बोलणारं एखादं माणूस.

या शेवटच्या खुर्चीसाठी मी सगळ्यात जास्त आग्रह धरेन. जमशेटजींची काळजी पारशी घेतील, सैनिकांची सहा सरकारं घेतील. पहिल्या दिवसाच्या त्या जुळ्या बाळांची कोण घेणार? त्यांची नोंद आहे. कंपनीच्या दफनांच्या नोंदवह्या सरे परगण्याच्या अभिलेखागारात, वोकिंगमध्येच, जपून ठेवल्या आहेत. जमिनीवर त्यांची खूण सापडत नाही. गरिबांच्या या पट्ट्यांच्या कडेला एकेक साधा फलक लावावा, त्यावर वर्ष आणि नोंदवहीत आहेत तेवढी सगळी नावं लिहावीत, याला काही कोट्यवधी पौंड लागत नाहीत. ब्रुकवुडमध्ये आजही नव्या कबरी विकल्या जातात, पावत्या फाटतात. पुढच्या पावतीपासून राखणीचा हिस्सा वेगळा काढायला सुरुवात करता येईल, आणि त्यातला पहिला खर्च त्या फलकावर करता येईल.